गोडबोले बाई : घरी राहिलेल्या एका बापाचं प्रकरण

माझ्या दादाला नात्यातली माणसं वर्षभर 'गोडबोले बाई' म्हणत होती आणि तो हसून सोडून देत होता. नाव कुठून आलं ते वेगळं सांगायला नको, १९९७ चा चाची ४२०, त्यात कमल हासन बायकोपासून वेगळा होतो, लेक हातातून जाते, आणि तिच्याजवळ राहता यावं म्हणून तो साडी नेसून लक्ष्मी गोडबोले ह्या नावानं सासऱ्याच्याच घरात आया म्हणून शिरतो. इंदूरच्या मराठी घरांत हा पिक्चर टीव्हीवर इतक्यांदा बघितला गेलाय की एखादा पुरुष बाळाला कडेवर घेऊन जरा जास्त वेळ अंगणात उभा राहिला की कुणीतरी गोडबोले म्हणणारच.

मी कॉलेजात सिनेमा शिकवते, फॅमिली कॉमेडीवर दरवर्षी चार-पाच लेक्चर होतात आणि घरी राहणारा बाप हा त्यातला एक तास असतो. तो तास मी बरीच वर्षं पडद्यावरून शिकवला, मग तेच सगळं माझ्या माहेरी घडलं आणि मी ते जवळून बघितलं, म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहून काढतेय. दादा, वहिनी आणि बाबा तिघांनी वाचून हो म्हटलंय. नावं कुणाचीच घालत नाहीये, घरात ज्या हाका मारतो त्याच इथे आहेत.

आमचं घर इंदूरच्या राजेंद्र नगरात, खालचा मजला, पुढे ओटा, ओट्याला लागून जाळीचं दार. घरात आई-बाबा, दादा, वहिनी आणि दोन मुलं. मोठी चिऊ २०१८ ची, धाकटा डिसेंबर २०२२ चा. दादा पीथमपूरच्या एका औषध फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होता, तीन शिफ्ट, सकाळची असली की सव्वासहाला कंपनीची बस. वहिनी सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत, टेस्टिंगपासून सुरुवात करून आता टीम सांभाळते.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते, वहिनीला ती मिळाली, त्यात अडचण नाही आली. बापासाठी खाजगी नोकरीत असा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस मिळतात, दादा तिथे नव्हता, त्याने स्वतःच्या शिल्लक रजेतले सात दिवस काढले आणि आठव्या दिवशी पहाटे अंघोळ करून बसला गेला. वहिनी त्या दिवशी मला फोनवर एवढंच बोलली की दारातून बस दिसेपर्यंत मी बघत उभी होते.

जून २०२३ मध्ये तिची रजा संपत आली. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन एप्रिलमध्येच झालेलं, तिला खाली बसणं बंद. दिवसभराची बाई ठेवून बघितली, ती नऊ दिवस आली आणि दहाव्या दिवशी तिचा फोन लागेना. मग एका रात्री दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली आणि जुन्या कालनिर्णयच्या पानाच्या कडेला दादाने हिशोब मांडला. ते पान वहिनीने जपून ठेवलंय, मी बघितलंय. त्याचा पगार हातात अडतीस हजार, तिचा ब्याऐंशी. चांगली बाई पंधरा हजार, तिचं चहा-जेवण, वर ऐनवेळी ती आली नाही की कुणाचा तरी बिनपगारी दिवस. त्याच्या अडतीसमधून हे सगळं वजा करून खाली काहीतरी एकोणीस-वीस हजार उरत होते आणि त्या एकोणीस-वीस हजारांसाठी तो महिन्यातले दहा दिवस रात्री घरी नसणार होता.

वहिनी म्हणाली, मी सोडू का? दादा म्हणाला, तू कशाला, हिशोब माझ्याच बाजूनं कमी पडून राहिलाय. आणि थोड्या वेळानं, हे वहिनीने मला नंतर सांगितलं, तो म्हणाला की चिऊ चालायला लागली तेव्हा मी नाइटला होतो, मला ते फोनवर कळलं, ह्याचं तरी मला डोळ्यानं बघायचंय.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं कारण सिनेमात हे वाक्य जवळजवळ नसतंच. १९८३ चा मिस्टर मॉम घ्या, मायकेल कीटन डेट्रॉइटच्या मोटार कंपनीतला इंजिनियर, मंदीत नोकरी जाते, बायकोला जाहिरातीच्या कंपनीत काम मिळतं म्हणून तो घरी. १९९३ च्या मिसेस डाउटफायरमध्ये रॉबिन विल्यम्सची मुलं कोर्टानं त्याच्यापासून दूर केलीत. आपल्याकडे १९८९ च्या बाळाचे बाप ब्रह्मचारीमध्ये अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पदरात बाळ येऊन पडतं. म्हणजे कुणाची नोकरी जाते, कुणाला कोर्ट अडवतं, कुणाच्या गळ्यात बाळ येतं. पुरुष स्वतः उठून म्हणाला की मला घरी राहायचंय, असं मोठ्या हिंदी पिक्चरमध्ये ठसठशीतपणे मी पाहिलं ते २०१६ च्या आर. बाल्कींच्या की अँड कामध्ये, अर्जुन कपूर घर सांभाळतो, करीना नोकरी करते. त्या पिक्चरचे मी आभार मानते. पण त्या घरात मूल नाही, आणि भांडण पेटतं ते नवऱ्याला प्रसिद्धी मिळते म्हणून. आमच्या राजेंद्र नगरच्या घरात प्रसिद्धी कुठून येणार, इथे आईचे गुडघे होते आणि सहा महिन्यांचं बाळ होतं.

३० जून २०२३ ला दादाचा शेवटचा दिवस झाला.

पहिल्या तीन आठवड्यांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण सगळे विनोदी पिक्चर त्या तीन आठवड्यांवरच बनलेत. दूध उतू जाणं, डायपर उलटं लागणं, पांढऱ्या शर्टला लाल ओढणीचा रंग, हे आमच्याकडे पण झालं. खिमटी खाली लागली, चिऊला शाळेच्या चुकीच्या गेटवर सोडलं. मिस्टर मॉममध्येसुद्धा हा शाळेचा सीन आहे, मुलांना सोडायला तो उलट्या बाजूनं गाडी घालतो आणि बाकीच्या आया त्याला सांगतात की तू चुकतोयस, तो बघताना मी आधी कायम हसले होते. पण दादा क्वालिटी कंट्रोलचा माणूस, त्याला वजनं आणि वेळा लिहून ठेवायची सवय, त्याने फ्रिजवर कागद लावला, किती वाजता दूध, किती एमएल, शी कधी, झोप किती. तीन आठवड्यांत हात बसला. एखादा माणूस जीव लावून शिकत असेल तर घरकाम तीन आठवड्यांत येतं, हे मी आता वर्गात ठामपणे सांगते, आणि पोरं जेव्हा म्हणतात की मॅम मुलग्यांना ते नॅचरली येत नाही तेव्हा मी त्यांना हा फ्रिजवरचा कागद सांगते.

सकाळचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. इंदूरमध्ये कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि कचरा वेगवेगळा द्यावा लागतो, ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर-पॅड त्यांच्या वेगळ्या डब्यात. आमच्या गल्लीत गाडीवर बायका येतात किंवा कामवाल्या येतात. दादा बाळाला एका हाताने खांद्यावर धरून, दुसऱ्या हातात तीन पिशव्या घेऊन, डायपर कागदात नीट गुंडाळून त्यावर पेनानं फुली मारलेली, असा रोज उभा. गाडीवरचा मुलगा त्याला पहिले काही दिवस विचारायचा, भिया, भाभीजी बाहर गई हैं क्या? दादा म्हणायचा, हाँ, ऑफिस. मुलगा म्हणायचा, अच्छा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर त्याने विचारणं सोडून दिलं आणि फुली बघून पिशवी आपली आपण बरोबर डब्यात टाकायला लागला. ह्या सगळ्या प्रकरणात दादाला सर्वात आधी कुणी साधं वागवलं असेल तर त्या गाडीवरच्या मुलाने.

घरातलं माणूस साधं वागवायला तयार नव्हतं. इथून खरं प्रकरण सुरू होतं.

आईने शेजारी सांगायला सुरुवात केली की तो वर्क फ्रॉम होम करतो. नातेवाइकांना सांगितलं शेअर मार्केटचं बघतो. मी तिला विचारलं, अगं आई असं का सांगतेस, तर म्हणाली, अगं लोकं काय म्हणतील, आणि त्याचं मन दुखायला नको. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला मुलगा झाकायचा होता. पण त्या झाकण्याचा परिणाम काय झाला ते बघा. घरी पाहुणे आले की दादाला लॅपटॉप उघडून बसावं लागायचं. सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलो की मध्यंतरात ओळखीचे काका विचारायचे, काय मग, मार्केट काय म्हणतंय, आणि दादा गुळमुळीत काहीतरी बोलायचा आणि त्याच वेळी बाळाची दुधाची बाटली त्याच्या खिशातून डोकावत असायची. जे काम तो दिवसभर खरोखर करत होता ते लपवायचं आणि जे करतच नव्हता ते सांगायचं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ह्या रकान्यात त्याने पहिल्या वर्षी 'बिझनेस' लिहिलं. वहिनी त्यावर दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

लसीकरणाला गेला तेव्हा सिस्टर म्हणाली, मम्मी को अंदर भेजिए. सप्टेंबर २०२३, नऊ महिन्यांची एमआरची लस, म्हणजे गोवर-रुबेला. त्याने कार्ड दाखवलं, ताप आला तर औषध किती द्यायचं ते स्वतःच सांगितलं वजनाच्या हिशोबानं, तरी ती एकदा दारातून बाहेर डोकावून आली की मम्मी कुठे दिसते का. ह्यात तिचीही फार चूक नाही, तिने आजवर जे बघितलं त्यावरून ती बोलली.

आणि एक गोष्ट दादा-वहिनीच्या दोघांच्यातलीच. काम दादा करत होता पण लक्षात वहिनी ठेवत होती. ऑफिसमधून तिचे मेसेज, चिऊची वही संपली, उद्या ग्रीन डे आहे, बाळाचं व्हिटॅमिन संपत आलंय, आईंची फिजिओची वेळ चार. दादाला वाटायचं मी सगळं करतोय तरी ही टोकते, वहिनीला वाटायचं मी ऑफिसात बसून अर्धं डोकं घरी ठेवलंय. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आयांचा होता, त्यात वहिनीचाच नंबर, म्हणजे सगळ्या सूचना सुपर कॉरिडॉरला जाऊन तिथून राजेंद्र नगरला यायच्या. दिवाळीनंतर वहिनीने एकदम फोनमधले सगळे रिमाइंडर डिलीट केले आणि दादाला सांगितलं की आता विसरलं तर तुझं. पहिल्याच आठवड्यात चिऊ फॅन्सी ड्रेसच्या दिवशी युनिफॉर्मात गेली. घरी आल्यावर ती रडली, दादा कसनुसा झाला, वहिनीचे दात ओठांवर, पण ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी दादाने शाळेत जाऊन ग्रुपमध्ये स्वतःचा नंबर घालून घेतला.

सरकारचं २०१९ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे, त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. आणि हे ९७ सुद्धा फक्त जे करतात त्यांचं, कारण त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात २६.१ टक्के, बायका ८१.२. मी हे आकडे दादाला दाखवले तर तो म्हणाला, ह्यात ते धरलेलं नाही. मी म्हटलं काय? म्हणाला, भाजी चिरताना मी उद्याच्या डब्याचा विचार करून राहिलो असतो, ते कुठल्या मिनिटात धरणार? सिनेमातही ते धरलेलं नसतं, कारण विसरून न जाणं पडद्यावर दाखवता येत नाही, दिसतं फक्त दूध उतू गेलेलं. त्यातल्या त्यात २०१८ च्या इनक्रेडिबल्स २ मध्ये ते आहे असं मला वाटतं, सुपरहिरो बाप रात्री उशिरापर्यंत पोराचं नव्या पद्धतीचं गणित शिकत बसतो आणि सकाळी त्याला ते समजावून देतो, डोळे लाल, दाढी वाढलेली. तो सीन मी वर्गात दोनदा लावते.

आता गणेशोत्सव.

सप्टेंबर २०२४, कॉलनीच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रम, त्यात दरवर्षी एक प्रहसन असतं. एका काकांनी, प्रेमानंच, दादाला विचारलं की यंदा चाची ४२० वर बेतलेलं करतोय, गोडबोले तूच हो, तुझ्याशिवाय कोण. दादा हो म्हणाला. नको म्हणायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि मी ते बोलले नाही, हे मला आजही टोचतं. वहिनीला पटलं नव्हतं, ती म्हणाली, पण बघ, लोकांमध्ये मिसळायला मिळेल तुला, वर्षभर तू घरात आहेस.

स्क्रिप्टमध्ये काय होतं तर सगळं ते पहिल्या तीन आठवड्यांचं. वरणात पावडरचा डबा पडतो, बाळाला पायजम्यासारखं डायपर घालतो, बायको ऑफिसातून येते आणि कपाळाला हात लावते. दादाने नऊवारी नेसली, अंबाडा लावला, आणि तो स्टेजवर आला तेव्हा जो हशा उठला तो बराच वेळ थांबला नाही. दादाने काम छान केलं, त्याचं टायमिंग चांगलं आहे. एक जागा अशी होती की त्याने बाहुलीला उलटं धरायचं होतं, आणि मी खाली बसून बघत होते की त्याचा हात आपोआप बाहुलीच्या मानेखाली गेला, मान सावरायला, कारण त्या हाताला तेच येतं आता. मग त्याला आठवलं आणि त्याने हात काढून बाहुली उलटी केली. लोक हसले. चिऊ माझ्या मांडीवर होती, ती पण हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊने कंगवा उचलला आणि दादाकडे न जाता आजीकडे गेली. रोज दादाच तिच्या दोन वेण्या घालायचा. त्याने विचारलं काय गं, तर म्हणाली, तुला नाही येत, आजी घालेल.

दादा काही बोलला नाही. पण पुढचे तीन आठवडे तो जो मिटला तो मी कधी बघितला नव्हता. स्वयंपाक करायचा, बाळाचं करायचा, संध्याकाळी वहिनी आली की खोलीत जाऊन पडायचा. त्याने पीथमपूरच्या जुन्या साहेबांना फोन केला होता हे वहिनीला नंतर कळलं. मला म्हणाला, मला येतं ते सगळ्यांना दिसतं, तरी येत नाही असंच बघायला आवडतं ना लोकांना? मी त्याच्यापुढे गप्प बसले, कारण मी शिकवते त्याच विषयातला प्रश्न होता आणि मला तेव्हा उत्तर नव्हतं.

आजीला वेण्या घालणं जमेना. खुर्चीवर बसून, गुडघे सरळ ठेवून, चिऊला पुढे उभी करून तिचा हात पोचत नव्हता, वेणी शाळेत जाईपर्यंत सुटायची. हे आठ-दहा दिवस चाललं. मग एके सकाळी बाबा ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला आणि चिऊला म्हणाले, आण इकडे.

इथे बाबांचं सांगायला हवं. बाबा कापड मिलमध्ये होते, नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली. इंदूरमधल्या पुष्कळ घरांची हीच गोष्ट आहे. चार वर्षं बाबा घरी होते. आई त्या काळात पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायची, सकाळी आठला मशीनवर बसायची. आणि माझ्या वेण्या बाबा घालायचे. मी पहिली-दुसरीत होते. लाल रिबिनी, घट्ट, दिवसभर सुटायच्या नाहीत, कारण ते मिलमध्ये चालत्या मशीनवर तुटलेला धागा जोडायचं काम करायचे, त्यांची बोटं तशी. पण कंगवा हातात घ्यायच्या आधी ते पुढचं दार लावायचे. रोज. आणि बाईंनी शाळेत विचारलं की किती छान वेण्या, कुणी घातल्या, तर मी आई म्हणायचं असं घरात ठरलेलं. पुढे बाबांना एका दुकानात हिशोबाचं काम मिळालं आणि घरातल्या कुणीही ह्याबद्दल परत कधी बोललं नाही, मीही नाही. दादाला हे माहीत नव्हतं कारण त्याची शाळा सकाळची, तो आधीच गेलेला असायचा.

त्या सकाळी बाबांनी जाळीचं दार उघडंच ठेवून ओट्यावर चिऊच्या वेण्या घातल्या. कचऱ्याची गाडी समोर उभी होती, दोन शेजारणी होत्या, त्यातली एक बोलली, अरे वा आजोबा! बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दादा आतून बाळाला घेऊन दारात येऊन उभा राहिला. बाबांनी केस विंचरले, भांग पाडला, तीन पेड घेतले, खाली येईपर्यंत ताण एकसारखा, आणि रिबीन बांधायच्या आधी शेंडा बोटाला एकदा गुंडाळून ओढून घेतला. मग दादाकडे न बघता म्हणाले, तू शेंडा सैल सोडतोस, म्हणून सुटते.

एवढंच बोलले. चाळीशीला आलेल्या माझ्या दादाला मी त्या दिवशी रडताना बघितलं, तो स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांना फोडणी देत देत रडत होता.

बाबांच्या ह्या दाराचा विचार करताना मला ते पिक्चर नव्यानं कळले. मिसेस डाउटफायरमध्ये रॉबिन विल्यम्सला स्वयंपाक, शिस्त, मुलांचा अभ्यास हे सगळं येतं, शिकतो तो, पण येतं ते म्हातारीच्या मुखवट्याखाली. मेकअपला ऑस्कर मिळालंय त्या पिक्चरला. कमल हासनची गोडबोलेही तशीच, घरातलं कुणीही तिच्यापेक्षा चांगलं करत नाही, पण साडी उतरली की तो पुन्हा भांडलेला नवरा. म्हणजे प्रेक्षक पुरुषाच्या घरकामाला हसतात असं मी जे शिकवत होते ते पुरतं खरं नाही. पुरुषाला घरकाम येतं हे प्रेक्षक मान्य करतात, पण त्याच्याकडे काहीतरी आड हवं, साडी हवी, मुखवटा हवा, नाहीतर नोकरी गेल्याचं कारण हवं आणि मिस्टर मॉमसारखी शेवटी ती नोकरी परत मिळायला हवी. बाबांनी दार लावलं, आईने शेअर मार्केट उभं केलं, काकांनी नऊवारी दिली. तिघांनी एकच गोष्ट केली. ज्याला हे आड मिळत नाही त्याच्या वाट्याला मग न येण्याचा विनोद येतो, आणि तो विनोद निरुपद्रवी नाही, सहा वर्षांच्या मुलीने एका रात्रीत तो खरा मानला. शिवाय त्याच विनोदावर बाकीचे लाखो बाप आरामात बसलेत, की बुवा आपल्याला नाही येत, बघा पिक्चरमध्येसुद्धा नाही येत.

माझा पिक्चरवाल्यांवर राग नाही. मला हे सगळे पिक्चर आवडतात, गोडबोले बघून मी अजूनही हसते. मला फक्त एक असा पिक्चर बघायचाय ज्यात बापाला पहिल्या सीनपासून वेणी घालता येते आणि विनोद दुसरीकडून येतो, घरात विनोदाला काय तोटा आहे का, आमच्या आईचे आणि तिच्या फिजिओचे संवाद कुणी लिहून घ्यावेत.

पुढे काय झालं ते थोडक्यात. चिऊ दादाकडे परत यायला आठवडा लागला, तेही वेण्यांमुळे नाही, तिला ताप आला आणि रात्री तिला तिचा बाबाच, म्हणजे दादाच, हवा होता. दादाने पीथमपूरचा विचार सोडला, निदान धाकटा शाळेत जाईपर्यंत. आईला शेअर मार्केट बंद करायला मीच सांगितलं, ती अजूनही नवीन माणसासमोर अडखळते, मग म्हणते, तो मुलांचं बघतो, आणि पटकन विषय बदलते. तेवढं पुष्कळ आहे.

पैशाचं त्यांनी नीट बसून ठरवलं आणि हे प्रत्येक अशा घरानं करावं असं मला कळकळीनं वाटतं. वहिनी दर महिन्याला ठरावीक रक्कम दादाच्या खात्यात टाकते, घरखर्चाची वेगळी, त्याची स्वतःची वेगळी, आणि त्यातून त्याचं पीपीएफ भरतो. नवरा-बायकोत दिलेल्या पैशावर टॅक्स नाही, पण त्या पैशाची एफडी केली तर व्याज वहिनीच्याच उत्पन्नात धरतात, पीपीएफच्या व्याजाला टॅक्सच नाही म्हणून ते निवडलं. नोकरी गेल्याबरोबर दादाचा कंपनीचा आरोग्य विमाही गेला होता, हे त्यांना चार महिन्यांनी लक्षात आलं, आता तो वहिनीच्या विम्यात आहे. घरी बसलेल्या बायकांना वर्षानुवर्षं ह्यातलं काहीच मिळालं नाही, आईच्या नावावर पिको-फॉलच्या चार वर्षांतलं एक रुपयाही नव्हता, हे दादाने स्वतःहून मला बोलून दाखवलं.

वहिनीचं मात्र सुटलेलं नाही. बाळ पडलं की दादाकडे धावतं. रात्री उठलं की तिच्या अंगावरून ओलांडून दादाच्या कुशीत जातं. ती म्हणते, मला माहितेय की हेच व्हायला हवं होतं, तरी लागतं गं. ऑफिसात तिच्या बरोबरीचे पुरुष हेच वर्षानुवर्षं सहन करतात की त्यांना ते लागतच नाही, असं तिने मला विचारलं. लागत असणार, असं मला वाटतं, पण त्यावर पिक्चर कुणी बनवला नाही.

म्हणून तिने रविवार स्वतःकडे घेतलाय. रविवारी दादा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर जातो किंवा झोपतो, आणि वहिनी मुलांचं बघते. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ती ओट्यावर चिऊला पुढ्यात घेऊन बसलेली, वेणी तिसऱ्यांदा सोडून परत घालत होती, चिऊ वैतागून म्हणत होती, आई तू बाबासारखी नाही घालत. दादा आत चहा गाळत होता. तो गाळणी तशीच हातात घेऊन दारात आला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, वरून बरोबर आहे, शेंडा सैल नको सोडूस.